बाळाबाईच्या डोहातले एकेचाळीस

ठण्ण. ठण्ण. ठण्ण. जरा थांबून आणखी एक, ठण्ण.

आकाराम बंधाऱ्याच्या सातव्या गाळ्यात ओणवा होऊन फटीत चिखल आणि पेंढा कोंबत होता. आवाज कानावर आला आणि त्याचा हात तिथंच थांबला. चिखलाचा गोळा बोटांतून निसटून खाली पाण्यात पडला, त्याचंही त्याला भान राहिलं नाही. सकाळचे साडेनऊ वाजले होते, माघाचं ऊन चांगलं वर आलं होतं, तरी त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

कारण तो आवाज त्याचा होता. डोहाकाठच्या काळ्या दगडावर पहारीचे तीन ठोके आणि दमानं एक, ही खूण जगात एकट्या आकारामला ठाऊक होती. म्हणजे, गेल्या रविवारपर्यंत तरी एकट्यालाच. रविवारी ती आणखी सात माणसांनी बघितली, आणि त्या सातांतल्या एकाच्या हातात मोबाइल होता.

"आई अंबाबाई," आकाराम पुटपुटला आणि उठला. 

आकाराम भित्रा माणूस. हे गावात कुणी लपवून ठेवलेलं नव्हतं, आणि खुद्द आकारामनंही नाही. तो पाटबंधारेच्या साहेबाच्या जीपला भ्यायचा, मारक्या बैलाला भ्यायचा, ग्रामपंचायतीचं कुठलंही पाकीट आलं की उघडायच्या आधी दोन वेळा पाणी प्यायचा. बायको झुंबरबाई बोलली की भ्यायचा आणि गप्प बसली की जास्त भ्यायचा. चोवीस वर्षं तो कातळवाडीच्या बंधाऱ्यावर राखणीला होता. दिवाळीच्या सुमाराला गाळ्यांत पाणी अडवायचे लोखंडी बरगे बसवायचे, पावसाळ्याच्या तोंडाला ते काढायचे, आणि मधले महिने त्या बरग्यांच्या फटीतून पाणी पळू नये म्हणून चिखल-पेंढा लावत फिरायचं, हे त्याचं काम. आता असं काम करणाऱ्या माणसाला पोहता येत नाही म्हटलं तर कुणी विश्वास ठेवील का? पण येत नव्हतं. हे मात्र घरच्यांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की आकारामला दम लागायचा.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, तीनशे पावलांवर, बाळाबाईचा डोह. सगळा कातळ. काठाला दोन पायऱ्या, मग छातीभर पाण्याखाली हातभर रुंदीचा एक कट्टा, आणि त्याच्या पुढं एकदम काळोखी खोली. आकाराम लहान असताना त्या डोहात खडस मासा होता. पाठीला सोनेरी झाक, एकेक खवला रुपयाएवढा. मग कुणी जाळी लावली, कुणी ब्लीचिंग पावडर टाकली, कुणी विहीर फोडायचे सुरुंगाचे तोटे आणून पाण्यात उडवले. हळूहळू खडस दिसेनासा झाला आणि लोक ते विसरूनही गेले.

बारा वर्षांमागं कोल्हापूरच्या एका कॉलेजातल्या संयोगिता मॅडम आल्या. शिवाजी पेठेतल्या, बोलणं सडेतोड, आणि स्कूटर अशी चालवायच्या की आकारामला त्यांचीच काळजी वाटायची. त्यांनी ह्या डोहात खडसाची बोटाएवढी दोनशे पिल्लं सोडली आणि आकारामच्या हातात एक वही दिली. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, दिसलेले मासे.

"मामा, तुम्ही रोज इथंच असता," त्या म्हणाल्या होत्या. "नुसतं बघायचं आणि लिहायचं. हा मासा धोक्यात आलाय. तो परत वाढतोय की नाही, हे आपल्याला ह्या वहीवरनंच कळणार. पण एक ध्यानात ठेवा. खायला घालायचं नाही, बोलवायचं नाही. त्याला माणसाची सवय लागता कामा नये."

"न्हाय लागू देत," आकारामनं सांगितलं. आणि पहिली तीन वर्षं त्यानं ते पाळलंसुद्धा. पायरीवर दोन-दोन तास मुकाट बसायचा. कधी तीन दिसायचे, कधी एक. कधी एकही नाही. मॅडम तीन महिन्यांनी यायच्या, वही चाळायच्या आणि त्यांचा चेहरा उतरायचा. तो उतरलेला चेहरा बघायचीही आकारामला भीती वाटायची.

मग चौथ्या वर्षी असं झालं, की एक बरगा वाकला. आकारामनं तो डोहाकाठच्या काळ्या दगडावर ठेवला आणि पहारीनं ठोकून सरळ केला. दमला, तिथंच भाकरी खायला बसला. तुकडे पाण्यात पडले. दुसऱ्या दिवशी दुसरा बरगा, पुन्हा ठोकाठोक, पुन्हा भाकरी. चौथ्या दिवशी त्यानं नुसती पहार आपटली आणि पाणी सोनेरी झालं. बघतो तर काय, डोहाच्या तळातून एकामागून एक खडस वर येत होते आणि कट्ट्याजवळ येऊन त्याच्याकडं तोंडं करून थांबत होते.

"लाभ," आकाराम म्हणाला. त्याचे वडील खळ्यावर पायलीनं धान्य मोजायचे तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. "लाभ, दोन, तीन, चार..." त्या दिवशी चौदा भरले.

तेव्हापासून रोज भाकरीचा चतकोर माशांच्या नावानं बाजूला निघू लागला. वहीतले आकडे वाढत गेले. चौदा, एकोणीस, सत्तावीस. आठव्या वर्षी कट्ट्याजवळ बोटाएवढी नवी पिल्लं दिसली. मॅडमनी ती बघितली आणि मटकन पायरीवर बसल्या. "मामा, ही आपण सोडलेली नव्हेत हो. ही इथंच जन्मली," म्हणाल्या आणि चक्क रडल्या. आकारामनं तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. जीभ उचलली नाही. मॅडम यायच्या दिवशी तो आधीच जाऊन ठोकून यायचा, म्हणजे त्या येईपर्यंत मासे काठाजवळ घोटाळत असायचे. आकडा खरा आहे, त्याची तो स्वतःची समजूत घालायचा, फक्त बोलावणं चोरटं आहे. आता मोठे मासे एकेचाळीस होते. सगळे त्याच्या ओळखीचे. त्यांत सगळ्यात थोरली कानतुटी. तिचा उजवा कल्ला कधीतरी जाळ्यानं फाटला होता. ती सगळ्यांत आधी यायची आणि सगळ्यांत शेवटी जायची.

आणि मग रविवारी पाव्हणे आले.

लेकीला, राजनंदिनीला बघायला जयसिंगपूरची मंडळी आली होती. मुलगा ऋतुराज, शांत, मान खाली घालून बसणारा. बोलायचं सगळं काम त्याच्या चुलत्यानं उचललेलं, अमरसिंहानं. त्याची खडीची खाण होती. पत्रिका महिन्यापूर्वीच जुळली होती, अठ्ठावीस गुण. पोहे खाता खाता अमरसिंह म्हणाला, "पावणं, म्हंजे दिवसभर पाण्याकडं बगत बसायचं आणि म्हैन्याला पगार घ्याचा म्हणा की! ऐश हाय की ओ तुमची!"

सगळे हसले. राजनंदिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही. आकारामनं तिचा चेहरा बघितला आणि त्याच्या आत काहीतरी दुखलं. चोवीस वर्षांत त्यानं कधी फुशारकी मारली नव्हती, त्या दिवशी मारली.

"या," तो म्हणाला. "एक गंमत दावतो."

सगळ्यांना डोहावर नेलं, पहार उचलली आणि ठोकलं. एकेचाळीस मासे उन्हात वर आले. अमरसिंहाचं तोंड उघडं ते उघडंच. "आयला! काटा किर्रच की मर्दा!" त्यानं मोबाइल काढला आणि पहिल्या ठोक्यापासून पुन्हा करायला लावलं. आकारामनं पुन्हा केलं. व्हिडिओ कुणाला दावू नका, हे शब्द त्याच्या ओठापर्यंत आले होते. पण दारी आलेल्या पाव्हण्याला, तेही मुलाकडच्या, नको कसं म्हणायचं? तो नुसता हसत उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं.

त्याला आज तीन दिवस झाले होते.

तीनशे पावलं आकाराम धावला. उसाच्या बांधावरून वळला आणि डोह समोर आला. पायरीवर अमरसिंह उभा होता, हातात पहार, सोबत दोन आडदांड गडी. एकाच्या हातात नायलॉनची पिशवी. पाणी सोनेरी झालं होतं. सगळे आले होते. कानतुटी सगळ्यांच्या पुढं, तोंड वर करून.

"या या, पावणं!" अमरसिंह असा ओरडला, जणू डोह त्याच्याच घरचा आहे आणि आकाराम त्याच्याकडं जेवायला आलाय. "तुमचीच याद काढत हुतो. बगा, तुमच्यागत ठोकलं. आलं का न्हाय पटापट?"

"आवो, हे... हे काय चाललंय?"

"काय न्हाय ओ. पोरांची पार्टी हाय सांच्याला. म्हटलं चार मासं न्यावं. सोयऱ्याच्या डोहातलं मासं, परक्याचं हाय काय?"

गड्यानं पिशवीतून दोन तोटे काढले. मेणकागदात गुंडाळलेले, वाती एकत्र पिळलेल्या. खाणीतलाच माल. आकारामनं लहानपणी ते उडताना बघितले होते. आधी पाणी फुगतं, मग धप्प असा आवाज येतो, आणि मग सगळा डोह पांढरा होतो, माशांच्या उलट्या पोटांनी.

"चारावर न्हाय ऱ्हायाचं," तो म्हणाला. "समदं मरतील. बारकी पिल्लं बी मरतील."

"मरू द्यात की! नदीत काय माशाला तोटा हाय?"

"एकेचाळीस हायत."

"काय?"

"एकेचाळीसच हायत. मी मोजल्यात."

गडी फिदीफिदी हसले. आकारामनं आजूबाजूला बघितलं. गाव उसापलीकडं, हाक पोचायची नाही. मोबाइल बंधाऱ्यावरच्या चौकीत, खुंटीवरच्या शर्टात. त्यानं हात जोडले. "पाया पडतो पावणं. तुमाला काय पायजे ते घरात करून घालतो. कोंबडं कापतो. ह्यास्नी ऱ्हाऊ द्या."

"आवो सरका की बाजूला. डोळ्यात खडं जातील." अमरसिंहानं तोटे हातात घेतले आणि खिशातून लायटर काढला. रागात नव्हता तो. अगदी मजेत होता, आणि त्याचीच आकारामला जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

लायटर पेटला. आणि आकाराम पाण्यात उतरला.

कसा उतरला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. पहिली पायरी, दुसरी, मग तो शेवाळलेला कट्टा. पाणी मांड्यांना लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. श्वास अडकला. पुढच्या वितीपलीकडं तळ नव्हता, हे त्याला पक्कं माहीत होतं. पायांची बोटं कातळात रुतवून तो वळला आणि काठाकडं तोंड करून उभा राहिला. नडग्यांना काहीतरी गुळगुळीत घासून जात होतं. मासे त्याच्या पायांशी ढुसण्या देत होते. भाकरी मागत होते बिचारे.

"भाईर या, पावणं."

"न्हाय."

"खुळं का काय तुमी? चेष्टा हाय व्हय ही?" ज्योत वातीपासून चार बोटांवर होती. अमरसिंहाचं हसू आता जरा आखडलं होतं. "लेका, टाकीन हां मी!"

"टाका," आकाराम म्हणाला. दातांवर दात वाजत होते, आवाज चिरका झाला होता. "मी हितंच हाय. मला पवाय येत न्हाय." हे शेवटचं वाक्य का आलं तोंडात, देव जाणे. चोवीस वर्षं दडवलेलं, नेमकं त्याच वेळी निघालं.

 मग एक गडी हळूच म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ द्या. म्हातारं गेलं तर केस हुईल."

अमरसिंहानं लायटर बंद केला. तोटे पिशवीत टाकले. तोंड लालबुंद झालं होतं. "पोरगी द्याय निघालाय आमच्यात, आणि चार माशासाठी सोयऱ्याचा असा अपमान! बरं. बगतो की." दोन पावलं गेला आणि वळला. "आणि एक ध्येनात ठेवा. खूण आता आमास्नी म्हाईत झालीया. व्हिडिओ तर किती जणांनी बगितलाय, त्याला मोजदाद न्हाय. आज मी गेलो, उद्या दुसरा यील. तुमी काय रोज पाण्यात उभं ऱ्हाणार हाय?"

गाडीचा आवाज लांब गेला. आकारामला बाहेर येता येईना. पाय हलवला तर घसरू, असं वाटत होतं. शेवटी काठावरच्या उंबराचं एक मूळ हाताला लागलं, ते धरून तो इंच इंच सरकत पायरीवर आला आणि पालथा पडून राहिला. मागं मासे अजून थांबलेलेच होते.

संध्याकाळी दिवेलागणीला जयसिंगपूरहून निरोप आला. पत्रिका जुळत नाही.

"म्हैन्याखाली जुळली हुती की!" झुंबरबाई कडाडली. "अठ्ठावीस गुण म्हणाला हुता भटजी! आता काय गिरं हिकडचं तिकडं झालं व्हय?"

आकाराम भिंतीला टेकून बसला होता. त्यानं सगळं सांगितलं. झुंबरबाईनं डोक्याला हात लावला आणि ती गप्प झाली. त्याला वाटलं, आता ही गप्प बसली, आता संपलं. पण राजनंदिनी समोर येऊन बसली.

"आप्पा, तुमी पाण्यात उतरला?"

"व्हय."

"कुटंवर?"

त्यानं छातीवर हात आडवा धरून दाखवला.

"तुमाला पवाय कुटं येतंय?"  मग ती ओढणीशी चाळा करत म्हणाली, "बरं झालं, न्हाय म्हणाली ती मंडळी. मला एक सांगा. त्ये पुन्ना येणार का?"

"त्ये न्हाय तर दुसरं कोण तरी."

"मग ओ?"

 आकाराम तोच प्रश्न मनात घोळवत राहिला. रोज पाण्यात उभं राहता येणार नाही. मासे मात्र रोज येणार. कुणीही ठोकलं तरी येणार, कारण त्यांना वाटतं ठोकणारा आकारामच आहे. आयुष्यभर ह्या माणसानं फक्त एकच गोष्ट नीट केली होती, भ्यायचं. आणि माशांना त्यानं शिकवलं काय, तर न भ्यायचं. त्याला स्वतःचा असा राग आला की जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी तो चौकीतून बंधाऱ्याचा लांब बांबू घेऊन डोहावर गेला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. ठण्ण. पाणी सोनेरी झालं. त्यानं मोजले. लाभ, दोन, तीन. सगळे होते. मग डोळे मिटले आणि बांबू उगारून पाण्यावर हाणला.

पाणी फुटलं. मासे उधळले. आकाराम काठावर उभा राहून दगड मारत सुटला. "जावा! जावा तिकडं! मरायचंय व्हय!" ओरडता ओरडता घसा बसला. अर्ध्या तासानं पुन्हा ठोकलं. पंचवीस-तीस आले. पुन्हा बांबू. दुपारी पुन्हा. शुक्रवारी बारा आले, तेही लांबूनच. शनिवारी सकाळी एकटी कानतुटी आली.

ती कट्ट्यापर्यंत आली. आणि थांबली. आकारामनं बांबू बाजूला आपटला, ती जरा सरकली आणि परत आली. दगड मारला, परत आली. सगळ्यांत शेवटी जायची तिची रीतच होती.

"अगं जा की बाई," आकाराम म्हणाला. "जा. मी न्हवं त्यो. मी न्हवंच." आणि मग त्यानं बांबू तिच्या पाठीवर हाणला. नीट हाणला, लागेल असा. हाताला तो ठोका जाणवला. एक मोठा खवला सुटून पाण्यात गिरक्या घेत खाली गेला आणि कानतुटी दिसेनाशी झाली.

आकाराम पायरीवर बसून मोठ्यानं रडला. बाप गेला तेव्हा रडला होता, त्यानंतर हेच. कुणी बघतंय का, ह्याचीही त्याला तेव्हा भीती वाटली नाही.

रविवारी दुपारी मोटरसायकलवरून दोघं बाप्ये आले. आकाराम बांधावरच्या उसात दडला.  एकाच्या हातात मोबाइल, एकाच्या खांद्यावर जाळं. मोबाइलमधल्या व्हिडिओत बघून बघून त्यांनी गोट्यानं काळ्या दगडावर ठोकलं. तीन, आणि एक. आकारामनं डोळे गच्च मिटले. येऊ नकासा, येऊ नकासा, येऊ नकासा. पुन्हा ठोके पडले. आणखी एकदा. मग शिव्या ऐकू आल्या.

"एक बी न्हाय लगा."

"फेक व्हिडिओ हाय त्यो. तरी म्हटलं हुतं तुला."

मोटरसायकल गेली. आकारामनं डोळे उघडले तर पाणी काचेसारखं स्वच्छ आणि रिकामं होतं. तो उसाचं कांडं धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

सोमवारी मॅडम आल्या. यंदाची मोजणी मोठी होती. हिच्यावरून डोह राखीव करायचा प्रस्ताव पुढं जायचा होता. स्कूटर लावता लावता त्या म्हणाल्या, "काय मामा, पन्नास होतात का ह्या वर्षी?"

आकारामनं वही त्यांच्या हातात दिली. शेवटच्या ओळीवर रविवारची तारीख होती आणि पुढं शून्य. मॅडमनी ती दोनदा वाचली. त्यांचा चेहरा उतरला, आणि आकारामनं सगळं सांगितलं. पहार, भाकरी, नऊ वर्षं, पाव्हणे, तोटे, बांबू. मान वर न करता, एका दमात, पोरानं मास्तरांपुढं पाठ म्हणावा तसं.

मॅडमनी वही फटकन मिटली. मग फुटल्या. "नऊ वर्षं मामा! नऊ वर्षं मला खोटं! मी हे आकडे कुठं कुठं दिलेत, ठाऊक आहे?"

"आकडं खरं हायत."

"मला कसं कळणार ते? आणि पोलिसांत का नाही गेलात? मी आजच तक्रार करते."

"करा. मी बी सही करतो," आकाराम म्हणाला. हे म्हणतानाही तो भ्यालाच. "पर तक्रारीचा निकाल लागंस्तवर मासं ऱ्हायला पायजेत की, मॅडम."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या तळहातांवर बांबूचे फोड आले होते, ते बघितले. मग चप्पल काढली आणि पहिल्या वर्षासारख्या पायरीवर जाऊन बसल्या. तोही बसला, जरा अंतर सोडून. दोन तास कुणी हललं नाही. पलीकडच्या काठाखाली, कातळाच्या सावलीत, एकदा सोनेरी काही हललं. एकदा शेपटी दिसली. एकदा दोन मासे बरोबर गेले, खोलातून. मॅडमनी पेन उघडलं.

"चार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी चार लिहितेय मामा."

"जे दिसलं ते लिवा."

"चारावर प्रस्ताव होईल की नाही, सांगता येत नाही."

"व्हय."

त्यांनी सही केली, वही पुढं केली. आकारामनं खाली सही केली. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "रोज दोन तास बसा. पहिल्यासारखं." म्हणजे वही त्याच्याकडंच राहिली होती. हे त्याला स्कूटर उसाआड गेल्यावर कळलं.

दुपार झाली. आकारामनं फडकं सोडलं. दोन भाकऱ्या, झुणका, कांदा. खाता खाता सवयीनं चतकोर बाजूला काढून ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो चतकोर हातात घेऊन बसून राहिला.

तेवढ्यात डोहाच्या मध्यावर पाणी हललं. कानतुटी होती. पाठीवर एक खवला नव्हता, तिथं पांढरं दिसत होतं. ती वर आली, काठाकडं तोंड करून थांबली आणि त्याच्याकडं बघू लागली. पहार वाजली नव्हती. ती आपली अशीच आली होती.

"लाभ," आकारामच्या तोंडून निघालं.

मग त्यानं रिकामा हात वर केला, मारायला उगारतात तसा. कानतुटी झटकन वळली आणि खोल गेली.

"शाणी हाईस," तो म्हणाला. चतकोर तोंडात घातला आणि चावू लागला. एकही तुकडा पाण्यात न टाकता त्यानं सगळा संपवला.